नळीतली रेघ

३ जानेवारी

बंदूक आज आली. ठासणीची रायफल, अष्टकोनी नळीची, जुन्या चादरीत गुंडाळलेली. दीर आणि भावजय अशी दोघं घेऊन आली होती, पण बोलणं सगळं दिरांचं. नेमबाजी मंडळाचे ते चिटणीस आहेत आणि बंद खोलीतही मैदानावर असल्यासारखे बोलतात.

"मिस्त्री, नळी पार झिजली आहे. माझ्या भावाची बंदूक. तो गेल्या वर्षी गेला. आत पीळ नावालाच उरलाय, गोळी वाटेल तिकडे जाते. दहा मिलिमीटरची आहे ती साडेअकराची करून द्या. गोळी कशी वजनदार हवी! मार्चच्या शेवटी सामने आहेत."

नळीत बारीक दिवा सोडून पाहिलं. त्यांचं खरं होतं. गोळीला गरगर फिरवत सरळ धाडणाऱ्या पीळदार खाचा मधल्या भागात पुसून गेल्या होत्या आणि पार तळाशी गंजाने खड्डे पाडले होते.

भावजय, म्हणजे त्या, एवढा वेळ दाराशी उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, "होईल ना?"

"होईल," मी म्हणालो.

इथे खरं लिहायला हरकत नाही. हे काम मी जन्मात केलेलं नाही. सगळी उमर कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. कारखाना बंद पडला तेव्हा मागच्या खोलीत लेथ मांडला आणि छऱ्याच्या बंदुकांचे घोडे, कमानी असलं काहीबाही दुरुस्त करत बसलो. रायफलची नळी मोठी करून तिला नवा पीळ पाडणं वेगळं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, बाहेर पडलं होईल. का ते कळत नाही.

ताई, माझी थोरली बहीण, नंतर म्हणाली, "एरवी गिऱ्हाइकाला पाणीही विचारत नाहीस, आज दोनदा चहा विचारलास." थंडी होती.

६ जानेवारी

नळीचं मागचं तोंड बंद करणारं बूच निघेना. दोन दिवस तेलात भिजवलं, तापवलं, पान्याला पाइप घालून लटकलो. काल सगळा दिवस एवढ्यावरच गेला. आज सकाळी चहा ठेवून सहज हात लावला तर फिरलं. कुणाला सांगावं म्हणून बाहेर आलो तर त्या फाटकाशी. गज राहिला होता म्हणून आणला म्हणाल्या. गज म्हणजे गोळी वरून ठासायचा लाकडी दांडा. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. तिथून इथे बरंच चालावं लागतं, आणि गज तर इतक्यात लागणारच नाही. पण आणला.

बूच निघालं हे पाहून त्या हसल्या. मग विचारलं, "साडेअकराला चिंधी केवढी जाड लागेल?"

गोळीभोवती तेलकट कापडाची चिंधी गुंडाळून ती ठासतात. चिंधी पातळ झाली तर गोळी सैल बसते, जाड झाली तर आत जात नाही. हे मी समजावून सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, "ते माहीत आहे. केवढी जाड, ते विचारतेय." शिंपीकाम करणारं माणूस, कापडाचाच विचार करणार. नळी तयार झाल्यावर सांगतो म्हटलं.

९ जानेवारी

रीमर, म्हणजे भोक मोठं करायचं हत्यार, बनवायला घेतला आहे. हा नळीतून ढकलायचा नाही, ओढायचा. ढकलला की लांब दांडा कमान होतो आणि भोक वाकडं जातं. ओढला की नळीच त्याला सरळ धरते. हे वाचून माहीत होतं. प्रत्यक्षात पहिल्या रीमरला कडक करताना चीर गेली. दुसरा वाकला. कागदावर सगळं जमतं.

दुपारी उगाच नदीपर्यंत जाऊन आलो. परत आलो तर ताई विचारते, "कुणाकडे गेला होतास?" नदीकडे, म्हटलं. "नदीकडे जाताना दाढी करून जातात होय?"

१३ जानेवारी

तिसरा रीमर चालला. आज पहिल्यांदा नळी कापली. तेल सोडत, सावकाश, बोटभर पुढे गेलं की थांबून कीस बाहेर काढायचा. आवाज एकसारखा आला तर ठीक. मध्ये एकदा चिरकला. थांबलो, पुसलं, काही नव्हतं.

त्या आल्या होत्या. बंदुकीचं लाकूड भिंतीला टेकून ठेवलं होतं ते त्यांनी उचललं आणि एका झटक्यात खांद्याला लावलं. मान कलली, गाल लाकडावर टेकला. तिथे लाकडाचा रंग घासून घासून उजळ झाला आहे, आणि गाल नेमका त्याच डागावर बसला. मी म्हटलं, "म्हणजे तुमचे यजमान तुमच्याएवढ्याच उंचीचे होते."

त्यांनी लाकूड परत भिंतीला टेकवलं. "रविवारी येईन," म्हणाल्या.

त्यांच्या उजव्या डोळ्याखाली दोनतीन बारीक निळसर तीळ आहेत. आधी लक्षात आले नव्हते.

१४ जानेवारी

ताईला यजमानांच्या उंचीचं सांगितलं तर ती म्हणाली, "बुटके? माझ्या वॉर्डात होते ते दोन महिने. पाय पलंगाबाहेर यायचे त्यांचे." ताई दवाखान्यात मेट्रन होती, तिची आठवण चुकत नाही. मग तो डाग तिथे कसा? वयानुसार माणूस वाकत असेल.

"आणि दृष्टी गेली होती त्यांची," ताई म्हणाली. "निदान सात-आठ वर्षं. मी घास द्यायचे तेव्हा चमचा दिसायचा नाही."

मग एवढी वर्षं नेम कसा मारायचे? सवयीने, बहुतेक. काही लोकांचा हात तसा असतो. मला आत जाऊन रीमरला धार लावायची होती, म्हणून फार बोललो नाही.

१९ जानेवारी

भोक साडेअकराला पोहोचलं. आतून आरशासारखं. सकाळी इतका हलका झालो की लेथपाशी शीळ घातली.

रॉकेलने पुसून, खालून दिवा धरून पुन्हा पाहिलं तर एक रेघ दिसली. उजव्या अंगाला, मध्याच्या जरा मागे, उभी, वीतभर. केसापेक्षा बारीक. रीमरचा ओरखडा असता तर गोल फिरला असता. ही नळीच्या लांबीने सरळ जाते.

जुन्या नळ्या लोखंडाची पट्टी सळईभोवती वळवून, तापवून, घणाने ठोकून सांधलेल्या असत. तो सांधा कुठेतरी पूर्ण बसला नसेल तर आत अशी रेघ राहते. इतकी वर्षं ती धातूच्या पोटात होती. मी नळी मोठी केली आणि तिला उघड्यावर आणलं.

किंवा ओरखडाच असेल.

त्या रविवारच्या म्हणून आल्या. मी भोक दाखवलं. त्यांनी डोळा लावला. "काय लखलखतंय!" म्हणाल्या. इतक्या खूश झालेल्या मी त्यांना पाहिलं नव्हतं. रेघेचं बोलणार होतो. आधी खात्री करावी असं वाटलं.

२१ जानेवारी

खात्री केली. खालचं तोंड बंद करून नळीत रॉकेल भरलं, बाहेरून खडूची पूड चोळली. चीर आरपार असेल तर पुडीवर ओली रेघ उमटते. सकाळी भरलं, संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळाने पाहत होतो. जेवण धड झालं नाही. पूड कोरडीच राहिली.

म्हणजे आरपार नाही. पण अर्ध्यापर्यंत असेल तर? ते खडू सांगत नाही.

२४ जानेवारी

पीळ पाडायचा पाट तयार होतोय. लांब लाकडी फळी, तिच्यावर पीळदार दांडा. दांडा ओढला की स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या टोकाची इवलीशी पात नळीत तेवढाच पीळ कापते. एका खाचेत ओढून झालं की नळी थोडी फिरवायची, दुसरी खाच. सगळ्या झाल्या की पातीखाली कागदाचा कपटा सरकवायचा, म्हणजे पात केसभर वर येते, आणि पुन्हा पहिल्यापासून. असं खोल होईपर्यंत.

त्या कागदाबद्दल ऐकून त्यांनी आज दुकानातून नमुने कापायचा पातळ कागद आणून दिला. माझ्याकडच्या कुठल्याही कागदापेक्षा एकसारखा आहे. नुसता देऊन जाता आलं असतं. बसल्या, कपटे कापून दिले. त्यांची कात्री चालते तेव्हा बोटं हलताना दिसत नाहीत.

त्यांचा माझ्यावर विश्वास नसावा. नाहीतर माणूस इतक्या वेळा काम बघायला कशाला येईल? ताईला तसं म्हणालो. ती स्वयंपाकघरात जाऊन हसली.

२८ जानेवारी

चिडचिड. खाचा चांगल्या उतरताहेत आणि तरी चिडचिड. ताईवर ओरडलो, कारण काय तर मीठ. नंतर समजूत काढायला गेलो तर म्हणाली, "अरे, मनात काय आहे ते बोलून मोकळा हो."

रेघेचं तिला सांगितलं.

"मग तिला का नाही सांगत?"

"सांगितलं तर काम थांबेल."

"थांबू दे की."

मार्चमध्ये सामने आहेत, दीर काय म्हणतील, मंडळात माझी काय अब्रू राहील, असं बरंच बोललो. ताई भाजी निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "दिरांची भीती तुला कधीपासून वाटायला लागली?"

४ फेब्रुवारी

पीळ पूर्ण. शिशाची गोळी आतून ढकलून पाहिली. वरपासून खालपर्यंत एकसारखी घट्ट गेली, कुठे अडली नाही, कुठे सैल पडली नाही. एवढ्यासाठीच माणसाने हा धंदा करावा.

आता चाचणी. दुप्पट दारू भरायची, बंदूक टायरला बांधायची आणि लांबून दोरीने चाप ओढायचा. शनिवारी जुन्या दगडखाणीत. दीर गावाला गेलेत. त्या येणार म्हणाल्या.

८ फेब्रुवारी

आजचं नीट लिहायचं आहे.

खाणीत आम्ही तिघं होतो. ताई मलमपट्टीची पेटी घेऊन आली होती. तिला येऊ नको म्हटलं होतं. टायर लाकडी बाकाला बांधला, बंदूक त्यावर. दारू भरली, गोळी ठासली. मी दोरी बांधायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "दोरी कशाला? मी झाडते. पहिला बार माझा असू दे."

मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, आत्ताच दारू कमी करून भरू, मग काय हरकत आहे? मी पुन्हा नाही म्हणालो. कारण सांगता येईना, म्हणून आवाज चढला. "तुम्हाला त्यातलं काय कळतंय? दोरीनेच होणार!"

त्यांचा चेहरा उतरला. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी आठ वर्षांचा झालो.

मग त्यांनीच दोरी हातात घेतली. दगडांच्या आडोशाला गेलो. त्यांनी ओढली. आवाज खाणीत दोनदा फिरला, टायर उडी मारून बाजूला गेला. धूर तोंडातून आला, आणि एक पांढरी पिसासारखी रेघ नळीच्या अंगातूनही आली. मी ती पाहिली.

जवळ गेलो. नळी फुटली नव्हती. उजव्या अंगाला, त्या जागी, काजळीची वीतभर रेघ उमटली होती. बोट फिरवलं तर नखाला लागली. सांधा उघडला होता.

त्याही वाकून पाहत होत्या. त्यांनी बंदूक उचलली, खांद्याला लावली, आणि डावा हात नळीखाली गेला. बोटं वळून नेमकी काजळीवर बसली.

"माझा हात असतो इथे," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चिंधी, गालाचा डाग, डोळ्याखालचे ते तीळ. ते तीळ नव्हेतच. जळत्या दारूचे कण कातडीत शिरून बसले आहेत.

"तुम्ही झाडता?"

"नऊ वर्षं. त्यांना दिसेनासं झालं तेव्हापासून. ते शेजारी उभे राहून वाऱ्याचा अंदाज सांगायचे, मी झाडायचे. सराव माझा. सामन्याला मात्र ते जायचे बंद झाले म्हणून मीही नाही गेले. या वर्षी जाणार होते."

"मला वाटलं तुमचे दीर..."

"तुम्ही विचारलंत कधी?" मग त्यांनी बंदूक खाली केली. "ही रेघ आज पडली?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही. भोक मोठं केलं तेव्हा दिसली. त्या रविवारी."

"मी खूश झाले होते त्या रविवारी."

"हो."

"आणि तुम्ही बघत होता. का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काम थांबलं असतं."

"मग? थांबलं असतं तर काय झालं असतं?"

मी टायरची दोरी सोडायला लागलो. त्या बंदूक बाकावर ठेवून निघून गेल्या.

याचं उत्तर मला घरी येऊनही सापडलेलं नाही.

११ फेब्रुवारी

काही केलं नाही. खोली झाडली. झाडलेली पुन्हा झाडली.

१२ फेब्रुवारी

ताई म्हणते, जाऊन माफी माग. माफी मागून नळी जुळते का? आधी नळी.

१५ फेब्रुवारी

उपाय आहे. तो पहिल्या दिवशीच सुचायला हवा होता. जुन्या नळीत आणखी मोठं भोक पाडायचं आणि आत नवी जाड पोलादी नळी बसवायची. सगळा दाब ती एकटी पेलेल. जुनी अष्टकोनी नळी तिच्यावर नुसता अंगरखा म्हणून राहील. रेघ राहिली तरी तिच्यावर भार नाही. फक्त आतलं भोक आता साडेअकराचं होणार नाही, लहान होईल. दहापेक्षाही लहान.

टूलरूममधल्या जुन्या दोस्ताला निरोप धाडला, पोलादी नळी मिळते का बघ म्हणून. मिळते म्हणाला. नवाची किंवा साडेनवाची, कुठली हवी?

नवाची सांगणार होतो. मग थांबलो.

१७ फेब्रुवारी

त्यांच्या दुकानात गेलो. तिथे पुरुषांनी उभं राहावं अशी जागाच नाही. सगळीकडे कापडं, मापं, अर्धवट कोट. गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत एका बिनहातांच्या पुतळ्याशेजारी उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं होतं, ते सगळं विसरलो.

"केवढी हवी?" म्हटलं.

"काय केवढी?"

मग नीट सांगितलं. अंगरखा, आतली नळी, नऊ की साडेनऊ. आणि चुकलं माझं, हेही सांगितलं. ते मध्येच कुठेतरी आलं.

त्यांनी मापाची टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "साडेअकरा मला कधीच नको होती. खांदा सुजतो. पण नळी झिजली तेव्हा दीर म्हणाले मोठी करू, आणि दुरुस्त होतेय ना, मग होऊ दे, नंतर बघू म्हटलं. माझी आहे म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी तुमच्याकडे आणलीच नसती." थोडं थांबून म्हणाल्या, "नऊ. हलकी गोळी, हलका धक्का. लांबवर वारा जरा जास्त ढकलेल, पण वारा मला कळतो."

मी निघालो. त्या मागून म्हणाल्या, "मिस्त्री, यापुढे दिसलं की सांगायचं. चांगलं असो, वाईट असो."

"सांगीन."

"मला बघवणार नाही असं ठरवायचं नाही."

२६ फेब्रुवारी

जुनी नळी आतून कोरून काढली. त्या सांध्याशी पोहोचलो तेव्हा लोखंडाचा एक बारीक पापुद्रा रीमरला लागून बाहेर आला. तो जपून बाजूला ठेवला आणि त्या आल्यावर दाखवला. हे नको होतं दाखवायला असं वाटलं, म्हणूनच दाखवलं. त्यांनी चिमटीत धरून उजेडाला पाहिला. "एवढ्याशाने?" म्हणाल्या.

हो, त्या पुन्हा येऊ लागल्यात.

५ मार्च

नवी नळी बसली. तापवून, कथिलाने सांधून. तोंडाकडून पाहिलं तर दोन धातूंच्या मध्ये एक फिकट वर्तुळ दिसतं, बाकी काही कळत नाही.

आज पीळ पाडायला सुरुवात. पाटावरचा दांडा ओढायला दोघं लागतात. एकाने ओढायचं, दुसऱ्याने तेल सोडायचं आणि पात साफ करायची. साडेअकराच्या वेळी मी एकट्याने केलं होतं, पाठ धरली होती. आज त्या म्हणाल्या, मी ओढते. सुरुवातीला झटका देत होत्या. "शिवणयंत्राचं पेडल मारता तसं," म्हटलं, "सुरू झालं की वेग मोडायचा नाही." त्यानंतर माझ्यापेक्षा एकसारखं ओढलं. मी तेल सोडत राहिलो. फारसं बोलणं झालं नाही. दुपार कधी गेली कळलं नाही.

ताई डोकावून गेली. "झालं का तुमचं शिवण?" म्हणून.

१४ मार्च

खाण, टायर, दोरी, दुप्पट दारू. दोन बार. दोन्ही वेळा मी नळी इंच इंच तपासली, आणि दोन्ही वेळा भिंग त्यांच्या हातात दिलं. काही नाही. तिसरा बार, साधी दारू, त्यांनी खांद्यावरून झाडला. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. कान बंद करायचे विसरलो. अजून वाजताहेत.

त्यांनी मागे वळून काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली.

१८ मार्च

दीर आले. बंदूक बाकावर होती, त्या खिडकीशी चिंध्या कापत होत्या. दिरांनी नळीच्या तोंडात करंगळी घालून पाहिली, गेली नाही.

"हे काय मिस्त्री! साडेअकरा सांगितलं होतं. हे तर उंदराचं बीळ!"

मी सांधा उघडल्याचं सांगितलं. त्यांनी अर्धं ऐकलं. "ठीक आहे, ठीक आहे, आता वेळ नाही. आणा इकडे, सराव करायला हवा मला."

हात पुढे केला. बंदूक माझ्याजवळ होती. मी ती उचलली. बंदूक मी वळून त्यांना, खिडकीकडे, दिली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "नाव मी दिलंय सामन्याला."

"कुणाचं?"

"माझं."

दीर हसले. मग त्यांना दिसलं की दुसरं कुणी हसत नाही. "दादाला काय वाटलं असतं?"

"वारा डावीकडून आहे, म्हणाले असते."

दीर टोपी घालून गेले. फाटक आपटलं. खिडकीशी बंदूक टेकवून त्यांनी चिंध्या कापणं पुन्हा सुरू केलं, पण वाकड्या कापल्या. पहिल्यांदाच.

२९ मार्च

सामने. मी जाणार नव्हतो, काम होतं. ताई म्हणाली, "कुठलं काम, दाखव." दाखवता आलं नाही.

मैदानावर वारा भलताच होता. त्या दारू मोजतात, चिंधी ठेवतात, गोळी ठासतात, हे सगळं इतक्या सावकाश की बघणाऱ्याचाच जीव वर-खाली व्हावा. पहिली गोळी वर्तुळाच्या काठावर. दुसरी फळीलाच नाही. शेजारचा एक जण काही बोलला, मी त्याच्याकडे पाहिलं तर गप्प झाला. मग त्यांनी बंदूक खाली धरली आणि नुसत्या उभ्या राहिल्या, वाऱ्याकडे तोंड करून. लोक चुळबुळायला लागले. त्या उभ्याच. तिसरी गोळी मधल्या काळ्यात. चौथी तिच्या शेजारी, दोन्ही भोकं एकमेकांना लागून. पुढची सगळी तिथेच आसपास.

त्या पाचव्या आल्या. दीर, स्वतःच्या बंदुकीने, सातवे. ते येऊन म्हणाले, "वारा होता." वारा सगळ्यांनाच होता. पण आले आणि बोलले, हेही थोडकं नाही.

मी अभिनंदन करायला पुढे झालो तर तोंडातून निघालं, "बूच ओलं राहू देऊ नका, घरी गेल्यावर गरम पाण्याने धुवा."

"धुते," त्या म्हणाल्या. ताईने कपाळावर हात मारला.

३ एप्रिल

बंदूक त्यांच्या घरी. पाट भिंतीला उभा केला. धार असलेल्या ड्रिलांना पुन्हा धार लावली.

८ एप्रिल

एक जण घोड्याची तुटलेली कमान घेऊन आला. चांगला माणूस, चांगलं काम. तासभरात उरकलं. तो गेल्यावर असा राग आला की दार आपटलं. त्याचा काय दोष?

१० एप्रिल

नदी. परत. पुन्हा नदी. बाजाराकडून गेलो तर लांब पडतं, पण तिकडून गेलो. दुकानात गिऱ्हाईक दिसत होतं. थांबलो नाही. थांबून काय सांगणार? सांगण्यासारखं चांगलं-वाईट काही दिसलेलं नाही.

ताई म्हणाली, "माझ्या वॉर्डात असे पेशंट यायचे. दुखतंय कुठे विचारलं की शेजारच्या खाटेकडे बोट दाखवायचे." कशावरून काय काढते!

१५ एप्रिल

सकाळी लेथवर होतो. नवीन काही नाही, एक दांडा सारखा करत होतो, त्याचीही गरज नव्हती. पाठीमागे पावलं वाजली. ताई असेल म्हणून वळलो नाही.

"मिस्त्री."

त्या होत्या. हातात काही नव्हतं.

"नळीला काही झालं?"

"नाही."

"पीळ? चाप?"

"सगळं ठीक आहे."

"मग काय काम काढलंत?"

"काम काही नाही," त्या म्हणाल्या, आणि बाकावरचा कीस हाताने बाजूला सारून बसल्या.

मी लेथ बंद केला.